लांब किक मारणाऱ्या मुलाची केस

मेलबर्नमधल्या माझ्या पोलीस नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र जशीच्या तशी लक्षात राहिली आहे, आणि आठवली की अजून हसू येतं.

तेव्हा मी ग्लेन वेव्हर्लीच्या बाजूला डिटेक्टिव्ह होतो. पुण्याहून शिकायला आलेला मुलगा इथल्या पोलिसात कसा शिरला, ती गोष्ट वेगळी. फसवणुकीच्या तक्रारी बहुतेक माझ्याकडे यायच्या, आणि तक्रारदार भारतीय असला की हमखास. त्या सकाळी काउंटरवरची कॉन्स्टेबल आत येऊन म्हणाली, "बॉस, एक बाई मुलाच्या पासपोर्टच्या कॉपीवर सही-शिक्का घ्यायला आल्यात. काम झालंय, पण जात नाहीयेत."

बाहेर आलो. चाळिशी ओलांडलेल्या, हातात गाडीची किल्ली घट्ट धरलेल्या बाई. माझ्या छातीवरचं नाव वाचून त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"तुम्ही मराठी? बरं झालं. एक विचारू का? म्हणजे तक्रार नाही हं."

"तक्रार नाही" असं म्हणत येणाऱ्याला मी आधी बसवतो आणि चहा देतो. त्याच्याकडे बहुतेक वेळा तक्रारच असते.

बाईंचा मुलगा युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला होता आणि लहानपणापासून इथली फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळायचा. तो चेंडू इतका उंच आणि लांब मारायचा की मैदानावर कुत्री फिरवायला आलेली माणसं थांबून बघायची. अमेरिकेतल्या कॉलेजांत जो हेल्मेट घालून खेळायचा फुटबॉल आहे, त्यात नुसती किक मारण्यासाठी एक खेळाडू ठेवतात. त्या कामासाठी ऑस्ट्रेलियन मुलांना खरोखरच मागणी आहे. तिथे कॉलेजच्या सामन्यांना शहराएवढी गर्दी लोटते, टीव्हीवाले पैसे ओततात, चांगल्या खेळाडूला फी माफ होते आणि आताशा वर मानधनही मिळतं. हे सगळं खरं आहे. त्या खरेपणावरच एका माणसाने दुकान थाटलं होतं.

हा एजंट एके काळचा स्थानिक फुटी खेळाडू. गोड बोलणारा, खांद्यावर हात टाकणारा. "अमेरिकेतला कोच माझा दोस्त आहे, जागा धरून ठेवतो," असं सांगून त्याने आधी जागेचे, मग कॅम्पचे, मग व्हिसाचे पैसे घेतले होते. बाईंच्या यजमानांनी घराच्या कर्जातून रक्कम काढून दिली होती. मुलाने सेमिस्टर सोडलं होतं. निघायची तारीख मात्र सारखी पुढे जात होती.

"मिस्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते म्हणतात, गप्प बस. मराठी मंडळात सगळ्यांना सांगून झालंय, आता तोंड कुठे दाखवायचं?" मग त्या ताठ झाल्या. "पण अकाउंट जॉइंट आहे. निम्मे पैसे माझे आहेत. मला जबाब देता येईल ना?"

"येईल की," मी म्हणालो, आणि चहा थंड व्हायच्या आत जबाब लिहायला घेतला.

एजंटला चौकशीला बोलावलं. इंटरव्ह्यू रूममध्ये रेकॉर्डिंग चालू केलं आणि नेहमीची सूचना दिली: बोलायची सक्ती नाही, बोलशील ते कोर्टात वापरलं जाईल, वकील बोलवायचा हक्क आहे. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "नो वरीज, मेट. लपवण्यासारखं काही नाही."

नोकरीत मी एक पाहिलं होतं. खरा माणूस चौकशीत अडखळतो, तारखा विसरतो, चिडतो. हा कुठेच अडखळत नव्हता. पैसे? हो, घेतले. कुठे गेले? अमेरिकेतल्या कोचच्या माणसाला रोख दिले, तो इथे आला होता तेव्हा. कोच कुठे आहे? तिकडे दक्षिणेत कुठेतरी, हल्ली फोन उचलत नाही. "मीही फसलोय, मेट. माझंच नाव खराब झालं," असं म्हणताना त्याने डोळेही पुसले.

त्याला सोडावं लागलं. अमेरिकेतल्या पोलिसांना पत्र पाठवलं. त्यांनी नम्रपणे कळवलं की अशा नावाचा कोच त्यांना कुठेच सापडत नाही. केस तिथेच अडकली. माझे वरिष्ठ फाइलकडे बघून नुसता सुस्कारा टाकायचे.

मग एके दिवशी तो मुलगाच स्टेशनवर आला. उंच, लाजाळू, आणि माझ्यावर भयंकर रागावलेला.

"अंकल, यू आर रुइनिंग इट," तो म्हणाला. "कोच इज लेजिट. तुम्ही स्वतः ऐका."

कोचच्या टिप्स पुन्हा ऐकता याव्यात म्हणून त्याने व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून ठेवले होते. स्क्रीनवर टोपी आणि काळा चष्मा घातलेला जाडजूड माणूस, मागे कॉलेजचा झेंडा. आवाज थेट अमेरिकन, शब्द गुळासारखे ओढत बोलणारा. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. मलाही वाटायला लागलं, हा माणूस खरा असावा.

शेवटी कोच म्हणाला, "तुझ्या किक्सचा व्हिडिओ मला धिस आर्वो पाठव."

मी रेकॉर्डिंग थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. आर्वो! मी या देशात नवा असताना पहिल्या नोकरीतला बॉस "सी यू धिस आर्वो" म्हणाला होता, आणि आर्वो नावाचा कुणी साहेब भेटायला येणार म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. दुपारला आर्वो म्हणणारा अमेरिकन मी तरी पाहिला नव्हता. इथे वाढलेल्या त्या मुलाच्या कानाला त्यात वावगं काही वाटणं शक्यच नव्हतं.

एका शब्दावर कोर्टात केस उभी राहत नाही. पण शोध अमेरिकेत न घेता इथेच घ्यायचा, एवढं त्याने सांगितलं. एजंटच्या फोनचे रेकॉर्ड मागवले. प्रत्येक व्हिडिओ कॉलच्या आधी आणि नंतर त्याने एकाच नंबरवर फोन केला होता. नंबर शहराच्या पार टोकाला राहणाऱ्या त्याच्या मेव्हण्याचा निघाला.

सर्च वॉरंट घेऊन गेलो. गॅरेजचं दार वर गेलं तर समोर झेंडा, त्याखाली खुर्ची, शेजारी गवत कापायचं मशीन, आणि खिळ्याला टांगलेली कोचची टोपी. मेव्हणा जुन्या गाड्या विकायचा आणि शनिवारी हौशी नाटकात काम करायचा. आमच्याकडे बघून तो मटकन बसला. चौकशीत त्याने सगळं सांगितलं: कोण कोण फसलं, पैसे कुठे गेले, नवी बोट कुणाच्या नावावर आहे. जबाब संपल्यावर त्याने हळूच विचारलं, "एक सांगाल? ॲक्सेंट कसा होता?"

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो. "एक शब्द सोडून."

कोणता, ते ऐकल्यावर त्याने कपाळावर हात मारून घेतला. गुन्हा कबूल करतानासुद्धा तो इतका दुखावलेला दिसला नव्हता.

आता बाकीच्या कुटुंबांची साक्ष हवी होती, आणि कुणी पुढे येईना. त्यांत आपलेही लोक होते. तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या आधी, बाईंच्या यजमानांनी माइक मागून घेतला. "मी फसलो," ते म्हणाले. "मुलाच्या कौतुकाने आंधळा झालो होतो. अजून कुणी असेल तर माझ्याबरोबर पोलिसांकडे चला." मागच्या टेबलावरचा एक बाप उठला, त्याच्यामागे अजून एक जोडपं. जेवणं राहिली बाजूला, मी पेपर प्लेटवर फोन नंबर लिहून घेत होतो.

दोघांनाही शिक्षा झाली. बोट विकून बरेच पैसे परत मिळाले. पण माझ्या दृष्टीने खरा आनंद वेगळाच. सरकारी वकिलांनी तज्ज्ञ म्हणून एका खऱ्या प्रशिक्षकाला बोलावलं होतं. पुराव्यातले किक्सचे व्हिडिओ बघून तो मला म्हणाला, "कोच खोटा होता, पण पोरगं खरं आहे. त्याला माझ्याकडे पाठवा." वडिलांनी घाबरत मला फोन केला, "साहेब, हा तरी खरा आहे ना?" मी विचारलं, "पैसे मागितले का?" ते म्हणाले, "नाही हो. उलट सकाळी किती वाजता उठतो, तेच विचारत होता."

मुलगा आज अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजात शिकतो आणि खेळतो. फी माफ आहे. त्याचा पहिला सामना टीव्हीवर बघायला त्याच्या आईवडिलांनी मला आणि माझ्या बायकोला रविवारी सकाळी पोह्यांना बोलावलं. नियम कुणालाच कळत नव्हते. बऱ्याच वेळाने मुलगा मैदानात आला, त्याने एक किक मारली. चेंडू दिव्यांच्याही वर गेला आणि मुलगा पळत बाहेर गेला.

"झालं?" बाई म्हणाल्या. "एवढ्यासाठी ते लोक एवढा पैसा ओततात?"

आम्ही पोट धरून हसलो. यजमान मात्र हसता हसता रडत होते, आणि ते कुणापासून लपवतही नव्हते.

माणसं मूर्ख असतात म्हणून फसतात असं मला नोकरीच्या सुरुवातीला वाटायचं. या केसने ते पुसून टाकलं. हे आईबाप ज्यावर विश्वास ठेवून बसले होते, ती त्यांच्या मुलाची किक खरीच होती. ठगाने त्यांची लाज तेवढी हिशेबात धरली होती, आणि ती लाज सोडून एक माणूस माइकसमोर उभा राहील, हे त्याला सुचलंच नव्हतं.