बॅगेतून काढलेली पुस्तकं

चूक माझीच होती. लेक सातवीत असताना आम्ही आखातातून सुट्टीला गावी निघालो आणि मुहर्रकला विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं. मी तिची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची पुस्तकं, काढून बाकावर सोडली. मुलाची मात्र ठेवली. दोन्हींत तलवारबाजीच होती, फक्त तिच्या गोष्टीत लढणारी मुलगी होती. "बट बाबा, दादाची कशी चालतात?" "पोरींना कशाला मारामाऱ्या? यल्ला, चल." ती मागे वळून बाकाकडे बघत आली. परवा कॉलेजसाठी पुण्याला जायची तिची बॅग भरताना तिने पुन्हा जमवलेल्या मांगाच्या त्याच जाड, खरखरीत कागदाचा वास आला. वजन जास्त दिसताच ती स्वतःहून पुस्तकं काढू लागली. मी तिच्या आत्यासाठी बॅगेत भरलेले खजुराचे डबे बाहेर ठेवले आणि म्हणालो, "ती राहू दे, बाळा. तेव्हा माझं चुकलं."