वनिताने दिलेला नमुना

रोह्याजवळच्या वाडीतल्या वनिताचा गर्भ तिसऱ्यांदा पडला, तेव्हा सासूने तिला कुणाच्या बारशाला न्यायचंही बंद केलं.

पेणच्या दवाखान्यात तिला संशोधक अंतरा भेटली. गर्भाशयातल्या द्रवात कोणती प्रथिनं असतात, याचा ती अभ्यास करत होती. "गर्भ रुजायच्या आधी याच पाण्यावर पोसतो," अंतराने सांगितलं. "काहींचा का टिकत नाही, ते त्यातून कळेल असं वाटतं. तुमच्या त्या पाण्याचा नमुना द्याल?"

"मंग मला पोर होईल?"

"तसं मी सांगू शकत नाही. उपयोग झाला तर पुढच्या बायकांना होईल."

बाहेर हे ऐकून नवरा, दिनेश, चिडला. "मंग कशाला गो त्रास करून घेतेस?"

"आजवर सगळ्यांनी माझ्या पायगुणावर बोट ठेवलं," वनिता म्हणाली. "ही शिकलेली बाई म्हणते, कारण अजून कुणालाच ठाऊक नाय. शोधू दे तिला."

ती नमुना द्यायला आत गेली, तसा दिनेशही तिच्याबरोबर गेला.

वनिताला अजून मूल नाही. यंदा धाकट्या जावेचा, पारीचा, गर्भ गेला आणि सासूने तिच्या पायगुणावरून तोंड उघडलं, तेव्हा वनिता पारीच्या उशाशी जाऊन बसली.

"हिला कुणी काय बोलायचं नाय," ती म्हणाली. त्या घरात तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.