मागावर राहिलेलं लुगडं

आमच्या शाळेची सहल दर हिवाळ्यात एकाच ठिकाणी जायची. दुसऱ्या शाळांच्या मुली बस करून रामटेकला जात. आम्ही सक्करदऱ्याहून पायी, दोघीदोघींची रांग करून, कोवळ्या उन्हात पेंगत निघायचो ते थेट स्वातंत्र्य आणि विविधतेच्या संग्रहालयात. बाईंना सहल स्वस्तात उरकायची असे आणि ज्ञानही मिळावं असं वाटे. एका दगडात दोन पक्षी.

संग्रहालय म्हणजे एका जुन्या बंगल्यातले दोन मोठे दिवाणखाने. पहिल्यात स्वातंत्र्य होतं: तुरुंगातली थाळी, चरखा, काचेत घडी करून ठेवलेला झेंडा. दुसऱ्यात विविधता. प्रत्येक प्रांताचं एकेक मातीचं जोडपं, आपापल्या पोशाखात, भिंतीशी उभं. डोळे मात्र सगळ्यांचे एकाच साच्यातले, त्यामुळे काश्मीरचा नवरा आणि केरळची बायको सख्खे भाऊबहीण वाटत. आणि त्या दिवाणखान्याच्या टोकाला, दोरीच्या आत, आमच्या घरचा माग होता.

मी पाचवीत गेले त्या वर्षी बाबांनी विणकाम सोडलं आणि ते एका कचेरीत चपराशी म्हणून लागले. जन्मभर त्यांचे पाय मागाखालच्या खड्ड्यात होते. मागावर उभ्या सुताचा शेवटचा ताणा लावला तेव्हा ते मायला म्हणाले, "हे तुह्यासाठी." लग्न झाल्यापासून माय रहाटावर कांड्या भरत होती, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळत होती. तिच्या सुताची लुगडी कुठल्या कुठल्या घरी गेली. ती स्वतः गिरणीचं जाडंभरडं नेसायची. हे जांभळं, पिवळ्या काठाचं, तिचं होणार होतं.

ते निम्मं झालं आणि संग्रहालयाचे साहेब आले. त्यांना माग हवा होता, तोही कापडासकट. विणकाम कसं चालतं ते पोरांना दिसलं पाहिजे, म्हणाले. बाबांना कुणालाच नाही म्हणता येत नसे, साहेबाला तर नाहीच नाही. माग होता तसा गेला. बाबांनी खड्डा मातीनं भरला, मायनं वरून सारवलं. संध्याकाळी बाबा त्या जागेवर पाय लांब करून बसले आणि म्हणाले, "सुटलो बुवा." मायनं रहाट उचलून खुंटीला टांगला.

पहिल्या सहलीत एक गंमतच झाली. दुसऱ्या दिवाणखान्यात शिरताच माग दिसला आणि मी चपला काढल्या. आमच्यात मागाजवळ कुणी चपला घालून जात नाही. वर्गात निम्म्या मुली विणकरांच्या, त्यांनीही काढल्या. ते पाहून बाकीच्यांना वाटलं इथे देव असणार. त्यांनी चपला काढून वर हातही जोडले. बाई मागून आल्या त्या चपलांच्या ढिगात अडखळल्या. "काय गं, देऊळ आहे का हे?" त्या ओरडल्या. मग त्यांनी काय विचार केला कोण जाणे, हळूच स्वतःच्याही काढल्या.

घरी आले तेव्हा माय चुलीपुढे होती. तिनं मान न वळवता विचारलं, "किती झालं वं?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा लुगडं आहे तेवढंच आहे असं सांगायला जीभ रेटेना. मी म्हटलं, "वीतभर वाढलं."

"बरं," ती म्हणाली.

मग दर वर्षी सहलीहून आले की तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. हळूहळू मलाही ते खरं वाटू लागलं. डोळे मिटले की दिसायचं, संग्रहालयाचं दार लागलं आहे, खिडकीतून उतरतं ऊन आलं आहे, आणि मातीची माणसं भिंत सोडून मागाशी जमली आहेत. पंजाबी नवरा पागोटं सावरत धोटा फेकतो आहे. बंगालीण कांड्या भरते आहे. कुणाची भाषा कुणाला कळत नाही, पण लुगडं पुढे सरकतं आहे. विविधतेचा धडा मला पाठ झाला तो असा.

नववीत असताना बाईंनी लहान मुलींना सांभाळायला कुणातरी मुलीच्या आईनं यावं असं सांगितलं, आणि माय निघाली. आता माझ्या सगळ्या विती उघड्या पडणार होत्या.

मायनं दारातच चपला काढल्या. स्वातंत्र्याकडे तिनं पाहिलंही नाही. सरळ मागाशी गेली आणि दोरीखालून वाकून आत शिरली.

"ओ बाई, हात नका लावू!" पहारेकरी धावला.

"माह्यं लुगडं होय गा ते," माय म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला, मग खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मायनं विणलेल्या कापडावर तळहात ठेवला. बोटांनी धूळ झटकली. जिथे बाबांनी शेवटचा धागा ठोकला होता, तिथे तिचा हात थांबला. ती तशीच बाहेर आली आणि लहान मुलींची रांग लावू लागली.

परतताना तिनं एवढंच म्हटलं, "पुरं झालं असतं तं एव्हाना फाटून गोधडीत गेलं असतं." मला बाबांचा असा राग आला की डोळे भरून आले. घरी बाबांनी विचारलं, "आहे का जागेवर?" माय म्हणाली, "आहे. तुमची वाट नाही पाहून राहिलं." बाबांनी त्या संध्याकाळी मागाच्या जागेवर बसताना पाय जवळ ओढून घेतले.

पुढच्या हिवाळ्यात शाळेची माझी शेवटची सहल होती. मी घरी आले. माय चुलीपुढे होती. आता ती विचारणार नाही असं धरून मी डबा घासायला घेतला.

"किती झालं वं?"

मी तिच्या पाठीकडे पाहिलं. म्हटलं, "वीतभर वाढलं."

"होऊन राहिलं हळूहळू," माय म्हणाली, आणि तिनं भाकरी उलटली.