एका गुलाबाला पाच मिनिटं

माझ्या काकूचा कोणावरच विश्वास नाही. दुधावर नाही, दूधवाल्यावर नाही, आणि दूध दोन दिवस टिकलं तर ते का टिकलं याचाही तिला संशय. अंडी ती एकेक करून वाटीत फोडते, वास घेते, मगच मोठ्या भांड्यात सोडते. दुकानदार जरा हसून बोलला की घरी येऊन पिशवी पुन्हा काट्यावर ठेवते. ताक फुंकून पिणारी माणसं असतात, पण आमची ही फुंकून झाल्यावरही आधी दुसऱ्याला प्यायला देईल, असं बाबा म्हणतात. त्यांनीच तिचं नाव फौजदार ठेवलं. ते तिला मनातून आवडतं, असा मला संशय आहे. घरात राहून तेवढा गुण मलाही लागला.

आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत आई केक करते. केक आईचा आणि केकवरची फुलं काकूची, ही दोन जावांची वाटणी मी शाळेत जायच्याही आधीची. साखरेची कणीक कागदासारखी पातळ लाटायची, पाकळ्या कापायच्या, कडा बोटाने चोळून मुरडायच्या, मग तारेवर एक पाकळी चिकटवायची आणि ती सुकली की पुढची. हे सगळं काकू वरच्या मजल्यावर, आपल्या खोलीचं दार लावून करायची. कोणी आपली हातोटी चोरेल ही धास्ती. सख्ख्या जावेलाही आत मज्जाव होता. मला तेवढा प्रवेश होता, कारण मला साधा गोळा गोल वळता येत नाही याची तिने फार पूर्वीच खात्री करून घेतली होती.

गिऱ्हाईक आलं की आई किलोचा भाव सांगायची. फुलांचा भाव नसायचाच. फुलं म्हणजे वरची शोभा, आणि घरचंच तर काम. काकू त्यावर आईशी कधी एक शब्द बोलली नाही. पण पाकळ्या मुरडता मुरडता मला म्हणायची, “माझ्या फुलांचे एकदा तरी वेगळे पैसे लागलेले बघायचेत मला. दमडी का असेना.” तिला पैशांची ददात नव्हती, काका चांगले मिळवते होते. आपल्या हातांचं काम कुणीतरी कामात धरावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते न मिळाल्याने ती आतून कुढत होती.

अशात एका कारखान्याला पन्नास वर्षं झाली आणि त्यांच्या समारंभाची व्यवस्था बघणारा माणूस आमच्याकडे आला. आठशे पाहुणे, सात थरांचा केक, आणि वरून खालपर्यंत गुलाबच गुलाब. किती पडतील ते उद्या कळवा, म्हणाला. तो गेल्यावर काकूने निकाल दिला: त्याचे बूट फार चकचकीत होते आणि बोलताना तो सारखा छताकडे बघत होता, तेव्हा यात कुठेतरी पाणी मुरतंय. आई म्हणाली, छताला ओल आलीये, म्हणून बघत असेल.

एवढ्या मोठ्या केकचा भाव किलोने लावता येत नाही, हे आईच्या त्या दिवशी लक्षात आलं. सगळ्यात खालच्या थराला वरच्या सहांचं ओझं पेलायचं, म्हणून आत लाकडी काड्या आणि प्रत्येक थराखाली जाड पुठ्ठा. थर सुटे न्यायचे आणि सभागृहात रचायचे, म्हणजे गाडी आली, दोन माणसं आली. एखादा वाटेत खचला तर हाताशी जास्तीचा हवा. त्यात आपला ओव्हन एकच, म्हणजे आठवडाभर बाकीची कामं बंद. आई जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसली होती. प्रत्येक हाताचा वेळ यात धरायचा, नाहीतर आपण साखरेत बुडू, असं ती मला म्हणाली.

नेमका त्याच दुपारी काकूला मैद्याच्या पिंपामागे एक खोका सापडला. आत विकतचे तयार गुलाब होते, साच्यातून काढलेले, सगळे एकसारखे. काकू मला दंडाला धरून वर घेऊन गेली. मोठं काम आलं आणि मला काढायचं चाललंय, म्हणाली. तिच्या मनात शंकेची पाल आधीच चुकचुकत होती, आता तर पुरावाच हाती लागला. मी म्हटलं, अगं, आईला सरळ विचार ना. पण संशयी माणसाला बाकी सगळं जमतं, तेवढं सोडून.

संध्याकाळी काकू ओट्याशी भांडी पुसत होती. आईने टेबलावरूनच विचारलं, “तुला एका गुलाबाला किती वेळ लागतो गं?”

काकूचा हात थांबला. खरं उत्तर मला ठाऊक होतं: पाऊण तास, आणि हवा दमट असली तर त्याहूनही जास्त.

“पाच मिनिटं,” काकू म्हणाली. “हसतखेळत होतो.”

मी तोंड उघडलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटून घेतलं. आईला मात्र कौतुक वाटलं. एवढ्यात होतो, म्हणाली, आणि पुन्हा आकडेमोडीला लागली. तिने कधी काकूला गुलाब करताना पाहिलंच नव्हतं, तिला कळणार कसं?

कारखान्याच्या माणसाने भाव ऐकला आणि लगेच होकार दिला. घासाघीस न करणारा माणूस पैसे द्यायच्या विचारातच नसतो, असं काकू म्हणाली, पण दुसऱ्याच दिवशी आगाऊ रक्कम आली आणि तिला गप्प बसावं लागलं. मग आईने तिला जवळ बसवून घेतलं. या वेळी फुलांचे पैसे वेगळे लावलेत आणि ते सगळे तुझे, असं सांगितलं. मागच्या बाजूला जिथे कोणाची नजर जात नाही तिथे विकतची फुलं लावू, खोका आणून ठेवलाय, तुझ्या बोटांना तेवढाच आराम, असंही सांगितलं.

काकूचा चेहरा उतरला. इतकी वर्षं जे हवं होतं ते समोर होतं, पण पाच मिनिटांच्या मापाने. त्या पैशांत तिच्या तारांचाही खर्च निघाला नसता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि वर आल्यावर मला विचारते काय, तर फुलांचे वेगळे का लावले, आम्हाला घरातून वेगळं काढायचा बेत आहे का? मला हसू आवरेना. तिला मात्र हसू आलं नाही.

खोक्यातलं एकही फूल तिने घेतलं नाही. सगळे गुलाब मीच करणार, म्हणाली. तिची खोली भरली, पलंग भरला, खिडकीची कड भरली, आणि शेवटी सामान घेऊन तिला खाली जेवणाच्या टेबलाशी यावं लागलं. आईने एक थर ओव्हनमध्ये ठेवला आणि तिच्यासमोर बसली. थर फुगला, बाहेर आला, जाळीवर निवायला लागला, आणि काकूच्या हातात अजून तोच गुलाब होता.

“हा पाच मिनिटांचा आहे?” आईने विचारलं.

“हा जरा मोठा आहे,” काकू म्हणाली.

मग काकूने स्वतःच गुलाब खाली ठेवला आणि सांगून टाकलं की खोका तिला आधीच सापडला होता. खरा वेळ सांगितला असता तर महाग पडतंय म्हणून विकतची लावली असती, असं तिला वाटलं होतं. आईला राग आला. मला एवढंच ओळखलंस का, असं तिने जरा मोठ्याने विचारलं.

“ताई, इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत,” काकू म्हणाली. “मग एकदम विचारलंत, तर मी घाबरणार नाही का?”

माझी आई कोणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण त्या वेळी ती उठली आणि निवलेल्या थराची कड उगाचच सुरीने सारखी करत बसली. भाव देऊन झाला होता, तो आता बदलता येत नव्हता. माझ्या वाट्यातले थोडे पैसे घे, असं आई रात्री म्हणाली, तर त्या दयेचाही काकूला संशय आला.

केक उभा राहिला तेव्हा लोक केकपेक्षा फुलांकडेच बघत होते. महिन्याभरात एक बाई आल्या. मुलीच्या लग्नाला तस्साच केक हवा होता आणि फुलांचा भाव कारखान्याला लावलात तोच लावा, असं त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं. त्या स्वस्त भावाची बातमी गावभर झाली होती. आई म्हणाली, केकचं मी सांगते, फुलांचं फुलं करणारीला विचारा. आणि तिने काकूला खाली बोलावलं.

काकूने बाईंकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. आम्ही तिघींनी मिळून काही कट केला आहे की काय, हे ती बहुतेक तपासत होती.

“एका गुलाबाला अर्धा तास लागतो,” ती म्हणाली.

“नीट सांग,” आई वर न बघता म्हणाली.

“पाऊण तास.”

बाईंनी घासाघीस चालू केली. काकू पाऊण तासावरून एक मिनिटही खाली उतरली नाही. शेवटी बाईंनी मनाशी काहीतरी मोजलं आणि वरच्या थरावर तीनच गुलाब पुरेत म्हणून सांगितलं. त्या गेल्यावर आई चुकचुकली, एवढ्या गुलाबांचे तीनच राहिले की गं. काकू पदराने डोळे पुसत होती. मी तिला इतकं आनंदात कधीच पाहिलं नव्हतं.

“राहू देत तीन,” ती म्हणाली. “त्या तिन्हींचे पैसे मला विचारून ठरले.”