भरल्या पोटी एक गोळी

माझ्या ताटाशेजारी गोळ्यांची रिकामी पट्टी पडली आहे. बायकोच्या गुडघेदुखीच्या दहा गोळ्या, दहाही घरं फुटलेली. दिवसाला एक, दहा दिवस, भरल्या पोटी. आकडा बरोबर आहे. पट्टी रोज मीच मोजत होतो.

बायको दवाखान्यात आहे. पोटात व्रण होऊन आतून रक्त गेलं. शौचाला काळं होत होतं, तेही तिनं गणपतीचं विसर्जन होईपर्यंत सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, “काकू, गोळी खाऊन घेत होतात ना?”

“सकाळी उठल्यावर घ्यायचे. ओट्याशी उभं राहायला लागतं.”

“आधी दोन घास?”

“गौरी-गणपतीचे दिवस. नैवेद्याआधी कसे खाणार? आणि मग पाहुण्यांची पानं.”

औषधाला घरची रीत कळत नाही. त्याला फक्त रिकामं पोट सापडतं. ते दुखणं दाबतं, आणि दुखत नाही म्हणून माणूस उभाच राहतो. आम्हालाही तेच हवं होतं. पंगतीत वाढताना तिनं एकदा गुडघा धरला, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, “गोळी घेतलीस ना? मग आता कसली कुरकुर? वाढ.” पाहुणे हसले. तीही हसली.

डॉक्टर मग माझ्याकडे वळले. “एरवी त्या जेवतात किती वाजता?”

पट्टीवरची मुदतीची तारीख मला पाठ होती. हे मात्र सांगता आलं नाही.

तिचे कपडे न्यायला घरी आलो आहे. भूक लागली होती, म्हणून आधी जेवून घेतलं.