पाचवीची तयारी

आमची शाळा चौथीपर्यंतची. पाथर्डीच्या पुढं डोंगराच्या कडेला वस्ती आहे, तिथं दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी गुरुजींकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. चौथी झाली की पोरं एसटीनं मोठ्या गावच्या हायस्कूलला जातात. वस्तीवर त्या हायस्कूलला सगळे ‘मोठी शाळा’ म्हणतात.

मोठ्या शाळेत गेलेली आमची काही पोरं दिवाळीच्या आत घरी बसायची. अभ्यास झेपत नाही म्हणून नव्हे. तासाला सर बदलतात, कोणाचं ऐकायचं कळत नाही, लघवीला कुठं जायचं हे विचारायची लाज वाटते, संध्याकाळची एसटी चुकेल ही धास्ती. एकजण तर पहिल्याच दिवशी पहिला तास संपल्याची घंटा ऐकून दप्तर घेऊन चालत घरी आला. आमच्याकडं घंटा म्हणजे शाळा सुटली. गुरुजी पोट धरधरून हसले. मला काही हसू आलं नाही, चिडच आली, आणि ती नेमकी कोणावर हे कळेना.

म्हणून मी चौथीच्या वर्गाची पाचवीची तयारी करून घ्यायला लागले. वरून काही आदेश नव्हता. वरून मागतील ती माहिती भरत बसणं आमच्या पाचवीलाच पुजलेलं, त्यात हे एक मी आपणहून ओढवून घेतलं. दुपारच्या सुट्टीनंतर मी वर्गाबाहेर जायचे आणि पुन्हा आत यायचे. पदर खोचलेला असला की गणिताचे सर, चष्मा लावला की इंग्रजीच्या मॅडम. पोरांनी उभं राहायचं, बरोबर वही काढायची, हजेरीला पूर्ण नाव ऐकून ‘यस सर’ म्हणायचं.

“बाई, तुमीच तर हाय की!” पहिल्या दिवशी एकजण ओरडला.

“मी बाई नाही, सर आहे. खाली बस,” मी म्हणाले. वर्ग खिदळला.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे आणि तीही लहानपणापासून त्यांच्याबरोबर जायची, त्यामुळं अर्धं वर्ष शाळेत आणि अर्धं फडात. चौथीचं वर्ष तिला पहिल्यांदाच सलग मिळालं, कारण तिला भाऊ झाला आणि बाळंतपणामुळं आई घरी राहिली. बाप एकटाच गेला. तोडीवर नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

सलग वर्ष मिळाल्यावर ती पोरगी अशी काही सुटली की बघत राहावं. मी पदर खोचला रे खोचला की हिची गणिताची वही बाहेर. एकदा मी चष्मा विसरून इंग्रजी सुरू केलं, तर म्हणाली, “मॅडम, तुमी आज कोन हायेत ते ठरवा आधी.” तिच्यावर माझा जीव होता, हे लपवण्यात अर्थ नाही. ही पोरगी पाचवीत टिकली पाहिजे, बाकी काही झालं तरी चालेल, असं मला वाटायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी सगळ्यांना एसटीनं मोठ्या शाळेत नेऊन आणलं. पाण्याचा नळ, मुलींची मुतारी, पाचवीचा वर्ग, एसटी थांबते ती जागा, सगळं दाखवलं. पोरं एकमेकांचे सदरे धरून चालत होती. मी सारखी म्हणत होते, “आता तुम्ही मोठे झालात. आपलं आपण बघायचं. कुणी बोट धरायला येणार नाही.” पालकांच्या सभेतही हेच सांगितलं. आता ही पोरं मोठी झाली, ह्यांच्यावर विश्वास टाका. तोडीवरून परतलेला त्या पोरीचा बाप मागं भिंतीला टेकून बसला होता, त्यानं मान हलवली.

जूनमध्ये ती पाचवीत गेली आणि टिकली. एसटीतून उतरली की आमच्या शाळेच्या कुंपणापाशी येऊन सांगायची, आज कोणते सर रागावले, कोणी कोणाचा डबा खाल्ला. मग दसरा आला आणि बाप मला भेटायला आला.

“बाई, लई चांगलं शिकिवलं तुमी. आता पोरगी एकलीच समदं करती.”

मी खूश होऊन बघत राहिले.

“आवंदा तिला संगं नेतो. लहान्याला सांभाळंल, भाकरी थापंल. तिची आई फडात आली की आमचा पुरा कोयता व्हतो.”

“दादा, तिची शाळा आहे.”

“तुमीच म्हनला ना, आता मोठी झाली म्हनून.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच वाईट. बाळाला आजीपाशी ठेवा म्हटलं, तर आजीला दिसत नव्हतं. तोडीवाल्यांच्या मुलांसाठी असलेल्या हंगामी वसतिगृहाचं सांगितलं, तर बाळ सांभाळायचं तिनंच, आणि तिथं दुधाचं पोर कोण ठेवून घेणार? मी दोनतीनदा घरी जाऊन आले. तिची आई चुलीपुढून उठली आणि मला चहा दिला.

ट्रॅक्टर निघाला तेव्हा मी रस्त्यावर उभी होते. भांडी, सरपण, शेळी, वर माणसं. तिच्या काखेत भाऊ होता. तिनं त्याचं टोपरं सारखं केलं आणि मला हात केला. मीही केला. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण काहीच झालं नाही. परत येऊन तिसरीला बेरजा घातल्या. त्या दिवसापासून असंच आहे. काम चालू आहे, चौथीचा नवा वर्ग आहे, मी पदर खोचते, आत येते. ‘तुम्ही मोठे झालात’ एवढं मात्र तोंडातून निघत नाही.

संक्रांतीनंतर बापाच्या मोबाईलवरून तिचा फोन आला. मागं कोणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं.

“बाई, मी हितं शाळंत जाते. फडाजवळ हाय. बाळाला बी आणू देतेत.”

“अगं बाई! कितवीत बसतेस?”

“हितं चौथीपातूरच हाय शाळा. मंग सरांनी मला चौथीत बसवलं.” आणि मी काही बोलायच्या आत, आनंदानं, “बाई, मला समदं येतंय! पयला नंबर हाय माझा.”

मी शाबास म्हणाले.