दाराची बाजू

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात फ्रिजचं दार मेलं नेमकं ओट्याच्या बाजूला उघडायचं. दूध काढायचं तर भिंतीला चिकटून उभं राहायचं, आधी दार लावायचं, मगच ओटा गाठायचा. नवऱ्याला सांगितलं की तो पेपरातून मान वर न करता म्हणायचा, "फ्रिज असेच येतात. तू जरा सरकून उभी राहा." मावशी जन्मभर सरकल्या. भिंतीवर त्यांच्या खांद्याचा तेलकट डाग पडला.

नवरा गेला, त्याच्यामागोमाग फ्रिजनंही मान टाकली. दुकानातला विक्रेता एकदारी, दोनदारी, खाली फ्रीझरवाला, असं एकेक दाखवू लागला. मावशी म्हणाल्या, "ते राहू दे. दार दुसऱ्या बाजूला उघडेल असा दे."

"कुठलाही घ्या मावशी, बिजागऱ्या काढून पलीकडे लावून देतो. हातासरशी होतं. तुमच्या जुन्यालाही झालं असतं."

मावशींनी समोर होता तोच फ्रिज घेतला.

नवा फ्रिज आला, दार भिंतीकडे उघडू लागलं, ओटा मोकळा झाला. सकाळी दूध काढायला मावशी सवयीनं त्या डागापाशीच जाऊन उभ्या राहिल्या. दार ओढलं, तसं ते सरळ त्यांच्या अंगावर आलं. त्या सरकायला गेल्या. मागे भिंत होती.